जुन्या पुलाचा कठडा

१

मास्तरीणबाईंचं मत कुणाच्या पारड्यात पडणार यावर सगळं मंडळ अडून बसलं होतं, आणि मत द्यायच्या दिवशीच सकाळी त्या जुन्या पुलाखाली, खांबाच्या दगडी चौथऱ्यावर मरून पडलेल्या सापडल्या.

भांडण जुनंच होतं. नदीच्या अलीकडे शहर आणि त्याच्याबाहेर दूरवर पसरलेली कामगारांची वस्ती. पलीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत विखुरलेली गावं. वस्तीला शहरापर्यंत रेल्वे हवी होती, गावांना नवा पूल हवा होता, आणि प्रादेशिक मंडळाकडे निधी एकाच कामापुरता होता. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई तेवढ्या मधोमध. त्यांची मनधरणी झाली, टोमणे मारून झाले, निनावी फोन करून झाले. बाईंनी कुणालाच ताकास तूर लागू दिला नाही. त्या सकाळी सगळ्या सभासदांनी बसमधून येऊन जुना पूल डोळ्यांनी पाहायचा आणि मग सभागृहात जाऊन मतदान करायचं, असं ठरलं होतं. बस पोचली तेव्हा कठड्याचा एक भाग नदीवर लोंबकळत होता आणि खाली बाईंची निळी शाल दिसत होती.

इन्स्पेक्टर आली तेव्हा माणसं कडेला उभी राहून हळू आवाजात पुलालाच शिव्या देत होती. ती स्वतः त्या कामगार वस्तीत राहणारी, मितभाषी, कामाला चिवट. या पुलावरून ती क्वचितच गेली होती. एकाच वेळी एकच गाडी जाईल एवढा तो अरुंद लोखंडी पूल. एका बाजूला लाकडी फळ्यांची पायवाट आणि तिला कमरेएवढा कठडा. पाहुणे येणार म्हणून कठड्याला ताजा हिरवा रंग दिलेला. शेजारच्या खांबावरून तांबूस ओघळ खाली आला होता. एवढ्या ताज्या रंगातूनही गंज फुटला, असं तिच्या मनात येऊन गेलं. तुटलेल्या टोकाशी ती उकिडवी बसली आणि तिच्या लक्षात आलं की तिथे काही तुटलेलंच नव्हतं. बोल्ट जागच्या जागी होते. त्यांवर आवळायच्या चाक्या, म्हणजे नट, तेवढ्या गायब होत्या. तिनं एका बोल्टच्या आट्यांवरून बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. नाकाशी धरलं, तर कसलाच वास नाही.

फळ्यांवर चाकी नव्हती, खाली चौथऱ्यावरही नव्हती. कुणीतरी त्या काढून खिशात घालून नेल्या होत्या.

२

संध्याकाळपर्यंत जिकडेतिकडे एकच बोलणं, जुन्या पुलानं बळी घेतला. मंडळानं दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली आणि नव्या पुलाला एकमतानं निधी दिला. वर पुलाला मास्तरीणबाईंचं नाव द्यायचंही ठरवलं. कालपर्यंत रेल्वेसाठी घसा फोडणाऱ्यांनीही हात वर केले. बाईंचं प्रेत शवागारात असताना विरोध करायची कुणाची छाती होती?

चाक्या काढल्याचं कळल्यावर वरिष्ठांनी फार डोकं खाजवलं नाही. बाईंचा धाकटा दीर पलीकडच्या तीरावर गॅरेज चालवत होता. पूल झाला की हमरस्ता त्याच्या दारावरून जाणार होता. आदल्या संध्याकाळी वहिनीशी त्याची कडाक्याची वादावादी झालेली शेजाऱ्यांनी ऐकली होती. आणि सकाळी ठरल्या वेळेच्या आधी तिला पुलाशी सोडणाराही तोच. त्याच्याकडे चाक्या सोडवायचे भिंतभर पाने होते.

इन्स्पेक्टर त्याच्या गॅरेजमध्ये गेली तेव्हा तो एका उलट्या डब्यावर बसून होता. त्यानं काही लपवलं नाही. हो, भांडलो, म्हणाला. वहिनी रेल्वेला मत देणार असं त्याला वाटत होतं, त्यानं तोंडाला येईल ते ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी लवकर मला पुलाशी सोड, एवढंच सांगितलं. बसमधल्या गलक्यात काही धड दिसणार नाही, म्हणाली. हे आणखी कुणाला ठाऊक होतं का, असं इन्स्पेक्टरनं विचारलं.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "त्यामुळेच मी अडकणार, हे मला कळतंय. सोडलं आणि गाडी वळवून निघून आलो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. राग होता ना डोक्यात."

त्यानं हात पुढे केले, जणू बेड्यांसाठीच. तळव्यांच्या रेषारेषांत काळं तेल मुरलेलं होतं. जमीन, बाकं, पाने, सगळ्याला डिझेलचा उग्र दर्प. हा माणूस गंजलेली चाकी सोडवायला काय वापरेल, हे विचारायची गरज नव्हती. आणि जे वापरेल त्याचा वास बोटाला दोन दिवस तरी राहिला असता.

तिनं हे वरिष्ठांना सांगितलं. वासावरून खटले चालत नाहीत, असं उत्तर मिळालं. अंधार पडायच्या आत दीर कोठडीत होता.

३

दुसऱ्या दिवशी ती वाहतूकप्रमुखांकडे गेली. जुन्या पुलाची देखभाल त्यांच्याच खात्याकडे होती आणि रेल्वेची योजनाही त्यांचीच. त्यांच्या खोलीत भिंतीवर त्या मार्गाचा मोठा नकाशा होता. कडा हाताळून मऊ झालेल्या. उंच, वाकलेला, झोप न झालेला माणूस.

पूल धडधाकट आहे, हे त्यांनी चारचारदा सांगितलं. मंडळासमोरही आपण तेच सांगितलं होतं, अजून एक पिढी तो वापरता येईल. आदल्या दिवशी रंगाचं काम संपल्यावर आपण स्वतः कठडा हलवून पाहिला, जागचा हलला नाही. त्यानंतर पुलाशी गेलो तो थेट सभासदांच्या बसमधून, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणजे जे काही केलं ते मधल्या रात्रीत, आणि पूलवाल्यांपैकीच कुणीतरी. इन्स्पेक्टरनं डॉक्टरांचा विषय काढला. पलीकडचा दवाखाना चालवणारे डॉक्टर म्हणजे पुलाच्या मागणीचा कणा होते.

वाहतूकप्रमुख कडवट हसले. या माणसाची नाटकं मी वर्षानुवर्षं बघतोय, म्हणाले. कधी पुलावर काळे झेंडे, कधी रिकामं स्ट्रेचर घेऊन मोर्चा. एकदा तर खांबाला तडा गेल्याची आवई उठवली. माणसं खाली उतरवून पाहिलं तर कोळ्याचं जाळं.

"त्यांना पूलसुद्धा पेशंट दिसतो हो. कठड्यालाही बँडेज बांधून ठेवतील आणि म्हणतील, बघा, किती आजारी आहे."

मग त्यांचा आवाज उतरला. बसच्या दारात लटकणारी माणसं रोज पडतात, म्हणाले. कुणाचा पाय जातो, कुणी चाकाखाली येतं. त्यांच्या नावानं कुणी काही बांधायला निघत नाही.

इन्स्पेक्टरचा नवरा त्याच बसमधून कारखान्यात जायचा, आणि रोज घरी परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा. बाहेर पडताना तिला एवढंच वाटलं की हा माणूस खोटं बोलत असेल, तर त्याला ते फार जड जातंय.

४

दवाखान्यात रांग दारापर्यंत होती. डॉक्टर तपासता तपासताच बोलले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्या पहाटे एक अडलेली बाळंतीण आली होती. तिच्यापाशी ते दुपारपर्यंत होते. नर्सनं तसंच सांगितलं, बाळंतिणीच्या आईनंही सांगितलं. खरं तर मला पुलावर जायचं होतं, डॉक्टर म्हणाले. सभासद यायच्या आधी, अगदी सकाळपासून तिथे उभं राहायचं ठरवलं होतं. पण मूल आडवं होतं, निघता आलं नाही.

पूल का हवा, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मध्यंतरी पुलाच्या मधोमध एक ट्रक बंद पडला आणि त्याच्यामागे त्यांची ॲम्ब्युलन्स अडकली. आत एक तरुण बाई होती, रक्त थांबत नव्हतं. समोर शहराच्या इमारती दिसत होत्या, तिनं त्या पाहिल्या, आणि तिथेच जीव सोडला.

तेवढ्यात एक आई कुरकुरणारं पोर घेऊन आत आली. पोराला चार दिवस शौचाला झालं नव्हतं. डॉक्टरांनी पाण्यासारख्या पारदर्शक, तेलकट औषधाची बाटली काढून दिली. "चमचाभर द्या झोपताना. याला वास नाही, चव नाही. फक्त बुळबुळीत असतं, त्याला कळणारही नाही."

इन्स्पेक्टरनं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग टेबलाकडे. जखमेवर लावायच्या लाल औषधाची बाटली उघडीच होती आणि तिच्या तोंडावरून एक ओघळ खाली येऊन वाळला होता. गंज असा सरळ रेघेत ओघळत नाही, हे तिला आता सुचलं.

ती उठली तेव्हा डॉक्टरांनी खाली मान घालूनच विचारलं, "सकाळी त्या पायवाटेवरून कामाला जाणारी कितीतरी माणसं असतात. त्यांतल्या कुणाला काही झालं नाही ना?"

साधाच प्रश्न. पण पुलापर्यंत पोचेस्तोवर तो तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला. चाक्या रात्री निघाल्या असतील, तर पहाटे एवढी माणसं त्या कठड्याला घासून गेली असणार. मग त्यांच्यातलं कुणीच कसं पडलं नाही?

५

उत्तर एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे मिळालं. ती रोज उजाडताना पूल ओलांडून शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात जायची. इन्स्पेक्टरनं तिला मशीनवरच गाठलं. बाईनं हात न थांबवता सांगितलं की त्या दिवशी आम्ही कुणी पायवाटेच्या त्या टोकाला गेलोच नाही. गाड्यांच्या रस्त्यावरून गेलो, चपला चिखलानं भरल्या.

"का पण?"

"खूण बांधली होती ना. दोन खांबांच्या मध्ये, लालभडक. लाल दिसलं की माणूस बाजूला होतो, त्यात काय सांगायचं?"

पोलीस आले तेव्हा तिथे लाल काही नव्हतं. इन्स्पेक्टरनं खूण कसली होती ते विचारलं. चिंधी होती का?

आता मात्र बाईचे हात थांबले. कापडाचा विषय निघाला की ती घाईनं बोलत नसे. "चिंधी नव्हती. मी हात लावून बघितला. विरळ विणलेलं, दोन्ही काठ विणीचे, आणि ताणलं की लांबत होतं. बँडेज होतं ते. पांढऱ्या बँडेजला कुणीतरी लाल रंग फासलेला. माझ्या बोटांना लागला, दिवसभर जाईना."

यंत्रांच्या खडखडाटात इन्स्पेक्टरला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, आणि ते डॉक्टरांचं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. एरवी ती कामातलं घरी बोलत नसे. तो कोमट पाण्यात पाय सोडून बसला होता. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे हे बाहेर आलं की पूल रद्द," तो म्हणाला. "आणि रेल्वेसाठी भांडणारा एकच माणूस होता, तोही गेला. आपल्यालाही काही नाही, त्यांनाही काही नाही."

"आणि तो गॅरेजवाला?"

नवऱ्यानं पाय पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "नाही," शेवटी म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी, हे बरं नाही. तू जा."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोघांनाही एकाच खोलीत बोलावलं. वर्षानुवर्षं सभांमध्ये एकमेकांना पाण्यात पाहणारी ती दोन माणसं एका लाकडी बाकावर, मध्ये हातभर अंतर ठेवून बसली. वरिष्ठ खिडकीशी उभे होते.

तिनं सावकाश सांगायला सुरुवात केली. हा सापळा मास्तरीणबाईंसाठी असूच शकत नाही, म्हणाली. त्या लवकर जाणार हे दिराशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि दिराच्या गॅरेजमधलं तेल वास मारल्याशिवाय राहत नाही. बोल्टला लावलेलं तेल बिनवासाचं होतं, दवाखान्यात पोरांना पोट साफ व्हायला देतात तसलं. आणि ज्याला कुणाचा जीव घ्यायचा असतो तो तिथे धोक्याची खूण बांधत नाही. ज्यानं चाक्या काढल्या त्याला कुणी पडायला नको होतं. सभासदांच्या डोळ्यांदेखत हातानं कठडा ढकलून दाखवायचा, एवढंच त्याला हवं होतं.

डॉक्टरांनी नाकारलं नाही. सगळा वेळ ते या क्षणाची वाट पाहत असावेत. मी सकाळपासून तिथे उभा राहणार होतो, ते म्हणाले. लाल कापड सापडेना, म्हणून पट्टीला औषध फासलं. चाक्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मग त्यांनी मान वर केली. "पण खूण होती. मी घट्ट बांधली होती. बाईंना ती दिसली कशी नाही, तेवढं सांगा. ती नर्स बातमी घेऊन आली तेव्हापासून मी हेच विचारतोय स्वतःला."

"दिसली नाही, कारण तोवर ती काढलेली होती," इन्स्पेक्टर म्हणाली आणि वाहतूकप्रमुखांकडे वळली. "साहेब, कठड्याला बँडेज बांधतील, असं तुम्ही मला म्हणालात. ते बँडेज रात्री बांधलं गेलं आणि बस यायच्या आधी नाहीसं झालं. बसमधून आलेल्या माणसाला ते दिसणं शक्यच नव्हतं."

बोलाफुलाला गाठ, वाहतूकप्रमुख म्हणाले. एखादी चेष्टा खरी निघते. तेव्हा तिनं सांगितलं की सकाळी खात्याच्या आवारात तुमची गाडी पाहून आले. पुढच्या सीटवर लाल डाग आहे. ड्रायव्हरनं तो साबणानं घासला, पण जात नाही, म्हणाला. साहेबांनी त्या दिवशी उजाडल्यावर गाडी स्वतः नेली होती, असंही म्हणाला.

बाकाची कड धरून ठेवलेले त्यांचे हात सैल पडले. सगळं ठीक दिसतंय ना, ते बघायला गेलो होतो, ते म्हणाले. बघतो तर हे. वाटलं, झालं, आणखी एक नाटक. सभासद येणार, फोटो निघणार. ओढून काढलं आणि गाडीत टाकलं.

"कठडा हलवून नाही पाहिलात?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"आदल्या दिवशी पाहिला होता ना. पक्का होता." मग ते पुन्हा म्हणाले, "तुम्ही बांधलेलं कुणी खरं मानेल का, डॉक्टर? इतक्या वेळा लांडगा आला म्हणून ओरडलात."

वरिष्ठ खिडकीबाहेर बघत राहिले.

७

दीर त्याच दुपारी सुटला. इन्स्पेक्टर त्याच्याबरोबर मास्तरीणबाईंच्या घरी गेली, कारण बाईंच्या यजमानांना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. म्हातारे गृहस्थ अंगणातल्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दिरानं शेवटी न राहवून विचारलं, दादा, वहिनी मत कुणाला देणार होती?

"तिचं ठरलं नव्हतं," ते म्हणाले. "दोघंही खरं बोलतात असं तिला वाटायचं. पूल किती खराब आहे, ते वाकून एकदा नीट बघते आणि मग ठरवते, म्हणाली. बाकी सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. त्यांना बघायची काय गरज होती?"

पुढे सगळं नवऱ्यानं सांगितलं तसंच झालं. ठराव फसवणुकीतून झाला म्हणून रद्द झाला. चौकशी संपेपर्यंत निधी थांबवला, आणि थांबलेला निधी वर्ष सरायच्या आत दुसऱ्याच प्रदेशाकडे वळला. जुना पूल तज्ज्ञांचा निर्णय येईपर्यंत गाड्यांना बंद झाला. तज्ज्ञ काही नेमले गेले नाहीत. वस्तीतली माणसं बसच्या दारात लटकत राहिली. पलीकडच्या गावांत इन्स्पेक्टरला कुणी बसा म्हणेना.

डॉक्टरांना शिक्षा झाल्यावर दवाखान्याला सील ठोकायचं काम तिच्याकडेच आलं. ती पुलाशी जीप ठेवून चालत पलीकडे गेली. पायरीवर तरीही माणसं बसलेली होती. सवयीनं आली असावीत. तिनं कुलपाला सील लावलं, कागद चिकटवला. वळली तर एक बाई मुलीला मांडीवर घेऊन बसलेली दिसली. मुलीचा श्वास वर खाली होताना गळ्यापाशी खड्डा पडत होता. कधीपासून असं आहे, इन्स्पेक्टरनं विचारलं. सकाळपासून, बाई म्हणाली. शहराकडे नेणारी नाव दुपारशिवाय सुटत नाही.

इन्स्पेक्टरनं मुलीच्या ओठांकडे पाहिलं. ते निळसर व्हायला लागले होते. तिनं मुलीला उचललं आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागली, आई मागून धावत. अर्ध्या पायवाटेवर तिच्या लक्षात आलं की चालत पोचायला फार वेळ लागेल. तिनं शहराकडच्या टोकाला उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारून आडवा दांडा वर करायला आणि जीप आत आणायला सांगितलं. शिपाई घुटमळला. हुकूम नाही, म्हणाला. तिनं तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

जीप पुलावर आली. शिपाई उतरून बाजूला झाला आणि ती स्वतः स्टिअरिंगवर बसली. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून ती उलटीच मागे, शहराकडे न्यावी लागणार होती. खालच्या लोखंडानं लांब, खोल आवाज केला. बाईनं मुलीला छातीशी घट्ट धरलं.

"पडेल का हो हा पूल?"

"माहीत नाही," इन्स्पेक्टर म्हणाली, मान मागे वळवली आणि क्लच सोडला.